यकृतरक्षक अर्काची चाचणी: प्रयोग कोणत्या क्रमाने करावा आणि कुठे फसतो

यकृतरक्षक वनस्पती-अर्काच्या प्रयोगाचे निकाल बहुतेक वेळा एकाच साच्यातले दिसतात. विष दिलेल्या गटात एएलटी (यकृतपेशी फुटल्या की रक्तात वाढणारं विकर, म्हणजे एन्झाइम) आभाळाला भिडलेलं, अर्काच्या लहान मात्रेत थोडं उतरलेलं, मोठ्या मात्रेत आणखी उतरलेलं, आणि शेवटी निष्कर्ष: अर्क यकृताचं रक्षण करतो. मात्र एएलटी उतरण्याची कारणं चार असू शकतात. एक, विष यकृतापर्यंत पुरेसं पोचलंच नाही. दोन, पोचलं, पण यकृताने त्याचं घातक रूप तयारच केलं नाही. तीन, मोजमाप चुकलं. चार, पेशी खरोखर वाचल्या. आपल्याला चौथं कारण सिद्ध करायचं असतं आणि प्रयोग मात्र असा आखलेला असतो की पहिली तीन दारं सताड उघडी राहतात.

खालचे टप्पे ती तीन दारं एकेक करून बंद करण्यासाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रम उलटा झाल्यामुळेच होतात आणि त्याची किंमत प्राणी मोजतात.

टप्पा १: प्राण्याला हात लावण्याआधी

प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय पायलट, म्हणजे आधीचा छोटा चाचपणी प्रयोगही सुरू करायचा नाही. अर्जातच तीन गोष्टी ठरवून टाका: मुख्य मोजमाप कोणतं, प्रत्येक गटात प्राणी किती आणि कोणत्या अवस्थेत प्राण्याला यातना संपवून शांतपणे मारायचं. हा शेवटचा निकष आधी लिहिलेला नसेल तर ऐन वेळी ‘सकाळपर्यंत बघू’ असं होतं. सकाळी पिंजऱ्यात मेलेला रॅट सापडतो, त्याचं रक्त मिळत नाही आणि त्याने जे सोसलं ते वाया जातं.

गटात सहा प्राणी घ्यायची पद्धत पडून गेली आहे, पण सहा हा नियम नाही. पायलटमध्ये एएलटीचा जो विखुरलेपणा दिसेल त्यावरून संख्या काढा. विषाला प्रतिसाद देण्यात प्राण्याप्राण्यांत मोठा फरक असतो. कधी सहा पुरत नाहीत, कधी पाचातही भागतं.

रॅट एकाच जातीचे, एकाच लिंगाचे आणि जवळपास एकाच वजनाचे घ्या. आल्यावर किमान सात दिवस त्यांना रुळू द्या, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार ठेवा.

सावधान: पिंजऱ्यात सीडार किंवा पाइनचा भुसा घालू नका. या लाकडांतल्या बाष्पशील द्रव्यांमुळे यकृतातली विकरं वाढतात, आणि नेमकी तीच विकरं पुढे विषाचं रूपांतर करणार असतात. मक्याच्या कणसाचा चुरा किंवा कागदी अंथरूण चालतं. प्रयोगाच्या मध्यावर अंथरूण बदलणं सगळ्यात वाईट.

टप्पा २: वनस्पती आणि अर्क

वनस्पती वर्गीकरणतज्ज्ञाकडून ओळखून घ्या, नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा आणि त्याचा क्रमांक वहीत लिहा. नावावर विसंबून चालत नाही. भुईआवळ्याचंच पाहा. फायलँथस निरुरी या नावाखाली जे साहित्य जमा झालं आहे त्यातला बराच भाग फायलँथस अमारस आणि तिच्या इतर बहिणींचा आहे. उघड्या डोळ्यांना ती रोपं सारखीच दिसतात, आतली रसायनं मात्र वेगळी असतात.

वाळवणं सावलीत, ४० अंश सेल्सियसच्या खाली. भरड पूड करा. फार बारीक पूड गाळताना कागद तुंबवते. उष्णतेने बिघडणारे घटक असतील तर सॉक्सलेट (गरम द्रावकाने अर्क काढण्याचं उपकरण) टाळा आणि भिजवून अर्क काढा. रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावक उडवल्यावर काम संपलं असं समजू नका: अर्क व्हॅक्युममध्ये ठेवून पुन्हा पुन्हा वजन करा आणि दोन लागोपाठच्या वजनांत फरक उरला नाही की मगच थांबा.

यावर मी एवढा जोर देतो त्याला कारण आहे. अर्कात उरलेलं इथेनॉल किंवा अॅसिटोन सीवायपी२ई१ या विकरावर परिणाम करतं आणि कार्बन टेट्राक्लोराइड, पॅरासिटामॉल ही दोन्ही विषं याच विकराच्या वाटेने घातक बनतात. म्हणजे ओला राहिलेला अर्क वनस्पतीच्या नावावर द्रावकाचा परिणाम दाखवू शकतो.

उतारा टक्क्यांत लिहा: वाळलेल्या अर्काचं वजन भागिले कोरड्या पुडीचं वजन, गुणिले शंभर. एक तरी ओळखखूण घटक एचपीएलसी किंवा एचपीटीएलसी या क्रोमॅटोग्राफीच्या पद्धतींनी मोजून ठेवा: किराईत (कालमेघ) असेल तर अँड्रोग्राफोलाइड, कुटकी असेल तर पिक्रोसाइड, भुईआवळा असेल तर फायलँथिन. पुढची बॅच जुन्या बॅचसारखी आहे का, हे सांगायला दुसरा मार्ग नाही. जड धातू आणि सूक्ष्मजीव यांची चाचणीही याच टप्प्यात करून घ्या.

तपासा: संपूर्ण प्रयोगाला पुरेल एवढा अर्क एकाच बॅचमध्ये तयार आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: अर्काची मात्रा

आधी तीव्र विषाक्तता चाचणी करा. ओईसीडीच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीत ५, ५०, ३०० आणि २००० मिग्रॅ प्रतिकिलो या ठरलेल्या मात्रांपैकी योग्य तिथून सुरुवात करतात, एका पायरीला तीन प्राणी घेतात आणि १४ दिवस निरीक्षण करतात. २००० ला मृत्यू झाला नाही की बहुतेक जण तिचा दहावा आणि पाचवा भाग, म्हणजे २०० आणि ४०० मिग्रॅ, निवडून मोकळे होतात. मात्र ‘मारत नाही’ एवढ्यावरून ‘उपयोगी आहे’ ठरत नाही. मात्रेमागे आणखी काही तरी आधार हवा: पारंपरिक वापरातली मात्रा, किंवा आधीच्या प्रयोगात रक्तात मिळालेलं प्रमाण.

एक हिशोब जरूर करून पाहा. रॅटची मात्रा माणसासाठी काढताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने साधारण ६.२ ने भागतात. ४०० मिग्रॅ प्रतिकिलो म्हणजे माणसाला सुमारे ६४.५ मिग्रॅ प्रतिकिलो. ६० किलोच्या माणसाला सुमारे ३.९ ग्रॅम अर्क. उतारा १० टक्के असेल तर रोज ३९ ग्रॅम कोरडी पूड. एवढी पूड रोज कोणी खाईल का, या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. हा आकडा मी विद्यार्थ्यांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो.

अर्क कशात मिसळायचा हेही इथेच ठरवा. ०.५ टक्के कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ही सर्वात निरुपद्रवी निवड.

सावधान: विरघळत नाही म्हणून डीएमएसओ हे द्रावक घेऊ नका. डीएमएसओ आणि प्रोपिलीन ग्लायकॉल दोन्ही सीवायपी२ई१ ला अडवतात, त्यामुळे पॅरासिटामॉलपासून यकृत वाचतं आणि श्रेय तुमच्या अर्काला जातं.

टप्पा ४: विषाची निवड आणि पायलट

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. ‘अमुक शोधनिबंधात १ मिली दिलं होतं, आम्हीही दिलं.’ पण त्यांची जात वेगळी, वय वेगळं, चारा वेगळा. तुमच्या प्राणिगृहात तुमच्या रॅटवर ती मात्रा काय करते, हे आधी तुम्हालाच पाहावं लागतं.

आधी विषाचं काम समजून घ्या. कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं काही करत नाही. सीवायपी२ई१ त्यातला एक क्लोरीन तोडतो आणि ट्रायक्लोरोमिथाइल रॅडिकल बनतं. ऑक्सिजनशी जुळून ते पेरॉक्सिल रॅडिकल होतं आणि पेशीपटलातल्या चरबीवर तुटून पडतं. हे विकर सेंट्रल व्हेनच्या (यकृताच्या प्रत्येक खंडिकेच्या मध्यातल्या शिरेच्या) भोवतालच्या पेशींत सर्वाधिक असतं, म्हणून मरण तिथूनच सुरू होतं. पॅरासिटामॉलचंही तसंच: एनएपीक्यूआय हे घातक रूप तयार होतं, ग्लुटाथायोन हा पेशीतला संरक्षक रेणू त्याला झेलत राहतो, आणि ग्लुटाथायोन संपलं की ते प्रथिनांना चिकटतं. डी-गॅलॅक्टोसामिनची वाट मात्र वेगळी. ते युरिडिनचा साठा संपवतं आणि त्याला सीवायपीची गरज नसते. हा फरक लक्षात ठेवा, टप्पा ९ मध्ये तोच कामाला येणार आहे.

पॅरासिटामॉल निवडणार असाल तर शक्यतो माऊस घ्या. रॅट पॅरासिटामॉलला बराच पुरून उरतो. त्याला तोंडावाटे २ ग्रॅम प्रतिकिलोसारख्या मात्रा द्याव्या लागतात आणि तरी इजा कमी-जास्त होते. उपाशी माऊसला पोटात ३०० मिग्रॅ प्रतिकिलो पुरतं.

आता कार्बन टेट्राक्लोराइडच्या मात्रेतला घोळ. बरेच जण ऑलिव्ह तेलात १:१ मिश्रण करतात आणि ‘१ मिली प्रतिकिलो’ लिहितात. १ मिली कशाचं? मिश्रणाचं की विषाचं? १ मिली विष द्यायचं असेल तर मिश्रण २ मिली प्रतिकिलो लागेल. १८० ग्रॅमच्या रॅटला ०.३६ मिली मिश्रण. त्याच वाक्याचा दुसरा अर्थ लावला तर ०.१८ मिली. एका वाक्याच्या दोन वाचनांत विष थेट निम्म्यावर येतं. वहीत नेहमी दोन्ही आकडे लिहा: शुद्ध विष प्रतिकिलो किती आणि मिश्रण प्रतिकिलो किती.

पायलटमध्ये विषाच्या दोन-तीन मात्रा घ्या, प्रत्येकी तीन प्राणी. २४ तासांनी रक्त आणि यकृत पाहा. आपल्याला मधली इजा हवी असते. फार सौम्य असेल तर अर्काला दाखवायला वावच नाही, फार तीव्र असेल तर कोणतंही औषध हरतं आणि चांगला अर्कही नापास होतो. सर्व प्राण्यांत एएलटी स्पष्ट चढलेलं, एकही मृत्यू नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली सेंट्रल व्हेनभोवती मृत पेशींचं कडं पण बाहेरचा भाग शाबूत: अशी मात्रा मिळाली की थांबा. जमलं तर ४८ तासांचाही एक गट बघा, कारण अर्क कधीकधी इजेचं शिखर फक्त पुढे ढकलतो. २४ तासांच्या एकाच थांब्यावर तेही संरक्षणच वाटतं.

सावधान: कार्बन टेट्राक्लोराइड माणसाच्या यकृताचंही तेच करतं आणि ते संभाव्य कर्करोगकारक आहे. फ्यूम हूडमध्येच काम करा, मिश्रण काचेच्या झाकणबंद बाटलीत त्याच दिवशी बनवा. पॉलिस्टायरीनची नळी पाहता पाहता धुरकट होऊन मऊ पडते, आणि सिरिंजचा रबरी दट्ट्या फुगून अडकतो, म्हणून काचेची सिरिंज वापरा. उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, हॅलोजनयुक्त टाकाऊ द्रावकांच्या वेगळ्या डब्यात जाऊ द्या.

टप्पा ५: गट

किमान एवढे गट हवेत:

१. निरोगी गट, फक्त अर्काचं माध्यम आणि विषाचं तेल.
२. विष गट, माध्यम अधिक विष.
३. प्रमाण औषध (ज्याचा यकृतरक्षक परिणाम आधीच माहीत आहे) अधिक विष.
४, ५, ६. अर्काच्या तीन मात्रा अधिक विष.
७. अर्काची सर्वात मोठी मात्रा, विषाशिवाय.

सातवा गट गाळण्याचा मोह फार होतो. गाळू नका. वनौषधींतही यकृताला मारणारे घटक असतात, पायरोलिझिडिन अल्कलॉइडं हे सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. अर्काने स्वतःच एएलटी चढवलं, तर ते कळायला हा एकच गट आहे.

प्रमाण औषध म्हणून कार्बन टेट्राक्लोराइडसाठी सिलिमारिन चालतं, ५० ते २०० मिग्रॅ प्रतिकिलोच्या मध्ये कुठेतरी. पॅरासिटामॉलसाठी एन-असेटिलसिस्टीन घ्या, कारण ते थेट ग्लुटाथायोन भरून काढतं. प्रमाण औषधाच्या गटातही काहीच फरक पडला नाही, तर दोष अर्कात शोधू नका, आधी विषाची मात्रा तपासा.

प्राण्यांची वाटणी संगणकाच्या यादृच्छिक यादीने करा. पिंजऱ्यातून हाताला येईल तो पहिल्या गटात, ही वाटणी नव्हे. आधी हाताला येतो तो मंद किंवा आजारी प्राणी. पिंजऱ्यांवर गटाचं नाव लिहू नका, फक्त क्रमांक लिहा. कोणता क्रमांक कोणत्या गटाचा, याची किल्ली रक्त आणि स्लाइड मोजणाऱ्याच्या हाती नसावी.

टप्पा ६: रोजची मात्रा

प्रतिबंधक प्रयोगात सात दिवस अर्क, सातव्या दिवशी अर्कानंतर एक तासाने विष आणि त्यानंतर २४ तासांनी रक्त, ही रुळलेली पद्धत आहे. ती ठीक आहे, पण वाट निवडताना चुकू नका.

अर्क तोंडावाटे देत असाल तर विष पोटाच्या पोकळीत द्या. दोन्ही तोंडावाटे दिलं तर अर्कातली टॅनिनं आणि डिंकासारखी द्रव्यं जठरातच विषाला धरून ठेवतात किंवा त्याचं शोषण लांबवतात, आणि ‘यकृतरक्षण’ आतड्यातच घडतं. दोन्ही पोटाच्या पोकळीत देणं त्याहून वाईट, कारण तिथे ती थेट एकमेकांत मिसळतात.

रोज वजन करा आणि रोज मात्रा नव्याने काढा. उदाहरणार्थ, २०० मिग्रॅ प्रतिकिलो, ५ मिली प्रतिकिलो आकारमानात: निलंबन ४० मिग्रॅ प्रतिमिली. १८० ग्रॅमच्या रॅटला ०.९ मिली, म्हणजे ३६ मिग्रॅ. सर्व गटांना आकारमान सारखंच ठेवा, तीव्रता बदला. ओतण्याआधी दर वेळी बाटली हलवा. निलंबन पाच मिनिटं टेबलावर राहिलं की खाली गाळ बसतो, पहिल्या रॅटला पाणी मिळतं आणि शेवटच्याला चिखल.

गॅव्हाजची (तोंडावाटे थेट जठरात द्रव सोडण्याची) सुई गोल टोकाचीच हवी. तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरून मोजून सुईवर खूण करा. सुई आपल्या वजनाने उतरली पाहिजे, ढकलावी लागली तर बाहेर काढा. दिल्यावर नाकातून फेस आला किंवा श्वास जड झाला, तर द्रव फुप्फुसात गेलं आहे. त्या प्राण्याच्या यकृताचे आकडे यापुढे विश्वासाचे नाहीत; घटनेची नोंद करा आणि आधी ठरवलेल्या निकषानुसार पुढची कारवाई करा.

तपासा: विष देण्याच्या रात्री सर्व गटांचं उपोषण सारख्याच तासांचं आहे का? उपवासाने यकृतातलं ग्लुटाथायोन उतरतं, आणि खाल्ल्यावर रॅटच्या रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर आतड्यातून येऊन चढतं.

टप्पा ७: रक्त आणि यकृत काढणं

इथली चूक कोणत्याही आकडेशास्त्राने दुरुस्त होत नाही. ‘आधी पहिला गट संपवू, मग दुसरा’ असं करू नका. सकाळी नऊला निरोगी गट आणि दुपारी तीनला मोठ्या मात्रेचा गट, असं झालं तर ग्लुटाथायोनच्या दिवसभरातल्या चढउतारालाच तुम्ही अर्काचा परिणाम म्हणाल. प्रत्येक गटातला एकेक प्राणी फिरत्या क्रमाने घ्या, आणि विष देतानाही हाच क्रम ठेवा म्हणजे प्रत्येकाचे २४ तास खरेच २४ तास होतील.

भूल नीट द्या. ईथर वापरू नका: ते स्फोटक आहे आणि यकृतालाही डिवचतं. हृदयातून रक्त घ्यायचं तर भूल पूर्ण चढलेली हवी आणि प्राणी पुन्हा शुद्धीवर येता कामा नये. रक्त सावकाश ओढा. जोरात ओढलं की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातली एएसटी आणि एलडीएच ही विकरं सिरममध्ये मिसळतात. सिरम गुलाबी दिसलं तर त्या नमुन्याच्या एएसटीवर विसंबू नका, तशी नोंद करा. रक्त अर्धा तास गोठू द्या, मग ३००० आरपीएमवर दहा-पंधरा मिनिटं फिरवा. बिलिरुबिन मोजायचं असेल तर नळीला फॉइल गुंडाळा, उजेडात ते विरत जातं. सिरम लगेच मोजणार नसाल तर छोट्या भागांत वाटून उणे ८० अंशांत ठेवा. वितळवून पुन्हा गोठवलेला नमुना वापरू नका.

यकृत बाहेर काढल्यावर एक मिनिट नुसतं पाहा. निरोगी यकृत गडद तपकिरी लाल, गुळगुळीत, कडा धारदार. कार्बन टेट्राक्लोराइडचं यकृत फिकट, पिवळसर ठिपक्यांचं, फुगलेलं, कडा बोथट. क्रमांकासकट फोटो काढा. थंड सलाइनमध्ये धुवून टिपून वजन करा. नंतर प्रत्येक प्राण्याच्या त्याच एका लोबमधून, बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या मोठ्या लोबमधून, तुकडे घ्या. हिस्टोलॉजीचा तुकडा ३ ते ५ मिमी जाड आणि त्याच्या वीसपट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये. अख्खा लोब बरणीत टाकला की मधला भाग फॉर्मलिन पोचण्याआधीच सडतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाने मेल्यासारखा दिसतो. बाकीचे तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये, एका मिनिटाच्या आत.

टप्पा ८: मोजमाप

एएलटी हे मुख्य मोजमाप धरा. एएसटी स्नायूंतून आणि तांबड्या पेशींतूनही येतं. तीव्र प्रयोगात २४ तासांत अल्ब्युमिनवर फार भर देऊ नका. रॅटमध्ये त्याचं अर्धायुष्य जवळपास दोन दिवसांचं, त्यामुळे एका दिवसात ते फारसं हलायला वेळच नसतो. यकृताची बनवण्याची ताकद खरंच बघायची असेल तर प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) लवकर बोलतो.

आता ती चूक, जी मी स्वतः केली आणि इतरांनाही वारंवार करताना पाहतो. एका प्रयोगात विष गटातल्या एका रॅटचं एएलटी जवळजवळ निरोगी आलं. त्याच रॅटच्या यकृताचा फोटो समोर होता: फिकट, ठिपक्यांनी भरलेलं. दोन्ही खरं असू शकत नव्हतं. एएलटीच्या चाचणीत एनएडीएच हे द्रव्य खर्च होतं आणि ३४० नॅनोमीटरवर शोषण दर मिनिटाला किती घटतं ते यंत्र मोजतं. नमुन्यात विकर अफाट असेल तर पहिलं वाचन होण्याआधीच एनएडीएच संपतं. पुढे शोषण घटतच नाही, आणि यंत्र निमूटपणे लहान आकडा छापतं. त्या नमुन्याचं शोषण सुरुवातीलाच खाली पडून सपाट झालेलं होतं. एक भाग सिरम आणि नऊ भाग सलाइन करून पुन्हा मोजलं, दहाने गुणलं, आणि तोच रॅट गटात सर्वांत वर गेला.

त्याच कारणाने एखादा अर्क गट अर्धा संपृक्त (एनएडीएच आधीच संपलेला) आणि अर्धा मोजलेला असतो आणि सरासरी सुंदर उतरते. म्हणून विष दिलेल्या सर्व गटांचे नमुने आधीच पातळ करून लावा आणि शोषणाची रेष मिनिटामिनिटाला सरळ घटते आहे का, हे डोळ्यांनी पाहा. छापील आकड्यावर थांबू नका.

यकृताच्या लगद्यात ग्लुटाथायोन आणि मॅलॉनडायअल्डिहाइड (चरबीचं ऑक्सिडेशन झाल्याची खूण) मोजा. ग्लुटाथायोनसाठी ऊतक थेट आम्लात वाटून प्रथिनं लगेच साका, नाहीतर ते बाकावरच ऑक्सिडाइज होतं. ग्लुटाथायोनशी डीटीएनबी या अभिकर्मकाचा पिवळा रंग ४१२ नॅनोमीटरवर. मॅलॉनडायअल्डिहाइडचा गुलाबी रंग ५३२ वर. उकळण्याआधी बीएचटी हे अँटिऑक्सिडंट घाला, म्हणजे चरबीचं ऑक्सिडेशन परीक्षानळीत चालू राहणार नाही, आणि सुक्रोजचा बफर टाळा, कारण साखरही थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत रंग देते. गडद रंगाच्या अर्काचा स्वतःचा रंग याच पट्ट्यांत येऊ शकतो, म्हणून निरोगी लगद्यात थोडा अर्क मिसळून एक रिकामं वाचन घ्या.

पेशींवर काम करणाऱ्यांसाठी दोन ओळी. हेपजी२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी यकृताच्या कर्कपेशींत सीवायपी२ई१ अगदी कमी असतं, त्यामुळे त्यांच्यावर कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलची खरी इजा उमटत नाही. आणि एमटीटी ही जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी वापरणार असाल तर पॉलिफेनॉल असलेला अर्क पेशींशिवायही जांभळा रंग देतो, म्हणून अर्क धुवून काढा आणि पेशीविरहित विहीर ठेवा.

हिस्टोलॉजी: पाच मायक्रॉनचे काप, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, गुण ० ते ४. प्रत्येक स्लाइडवर किती क्षेत्रं मोजायची ते आधी ठरवा आणि गट माहीत नसलेल्या दोघांकडून मोजून घ्या. चरबी रंगवायची असेल तर गोठवलेले काप लागतील; पॅराफिनच्या वाटेतल्या अल्कोहोल-झायलिनने चरबी विरघळून जाते आणि फक्त रिकाम्या पोकळ्या उरतात.

टप्पा ९: रक्षण की विषाची अडवणूक?

हे काम बहुतेक प्रयोगांत राहून जातं. अर्काने सीवायपी२ई१ अडवलं असेल तर कार्बन टेट्राक्लोराइड बिनविषारीच राहतं. एएलटी उतरतं, मॅलॉनडायअल्डिहाइड उतरतं, स्लाइड स्वच्छ दिसते. सगळे आकडे खरे, आणि तरीही पेशीला अर्काने बळ दिलं असं म्हणता येत नाही. उलट असा अर्क घेणाऱ्या माणसाच्या इतर औषधांचं पचन बिघडू शकतं.

तीन उपाय आहेत आणि त्यातला एक तरी करा. अर्क दिलेल्या पण विष न दिलेल्या रॅटच्या यकृतातून मायक्रोझोम (पेशींचा सीवायपी विकरं असलेला भाग) काढून पॅरानायट्रोफिनॉलवरची सीवायपी२ई१ची क्रिया मोजा. सातवा गट यासाठीच कामाला येतो, म्हणून त्याचं ऊतक उणे ८० अंशांत राखून ठेवा. दुसरं, तोच अर्क डी-गॅलॅक्टोसामिनसमोर तपासा. तिथेही वाचवलं तर सीवायपीची शंका बरीच कमी होते. तिसरं, अर्क विषानंतर द्या. विषाचं रूपांतर होऊन गेल्यावर काही तासांनी दिलेला अर्कही इजा कमी करत असेल, तर त्या निकालाला वजन आहे.

टप्पा १०: आकडे आणि शब्द

एएलटीचे आकडे एका बाजूला ओढलेले असतात, लॉग घेऊन एकमार्गी एनोव्हा (गटांच्या सरासऱ्या ताडणारी संख्याशास्त्रीय चाचणी) करा आणि डनेटच्या चाचणीने प्रत्येक गट विष गटाशी ताडा. आलेखात प्रमाण विचलन आणि प्रत्येक प्राण्याचा ठिपका दाखवा. प्रमाण त्रुटी दाखवली की रेषा आखूड होतात आणि विखुरलेपणा झाकला जातो.

संरक्षणाची टक्केवारी: विष गट वजा अर्क गट, भागिले विष गट वजा निरोगी गट, गुणिले शंभर.

तपासा: विष गटातला एखादा प्राणी रक्त घेण्याआधी मेला का? मेला असेल तर सर्वाधिक इजा झालेला प्राणी सरासरीतून निसटला आणि उरलेला गट आहे त्यापेक्षा बरा दिसतो. मृत्यूंची संख्या गटवार लिहा, वगळलेला प्रत्येक प्राणी आणि वगळण्याचं कारण लिहा. अॅराइव्ह ही प्राणिप्रयोग कसे लिहावेत याची मार्गदर्शक सूची समोर ठेवून लिहिलं तर यातलं काही सुटत नाही.

‘अर्क गट आणि निरोगी गट यांत लक्षणीय फरक नाही’ म्हणजे ‘यकृत पूर्ववत झालं’ असं लिहू नका. सहा प्राण्यांत फरक सापडला नाही एवढाच त्याचा अर्थ. विषाआधी अर्क दिला असेल तर ‘उपचार’ हा शब्द वापरू नका, ‘प्रतिबंध’ लिहा. टप्पा ९ केला नसेल तर ‘अँटिऑक्सिडंट क्रियेमुळे’ हे शब्दही तुमच्याजवळ नाहीत, कारण इजाच कमी झाली तर मॅलॉनडायअल्डिहाइड आपोआप कमी होतं.

आणि त्याच बॅचचा दहा-वीस ग्रॅम अर्क अंधारात, हवाबंद, हर्बेरियम क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवा. परीक्षक सहा महिन्यांनी ओळखखूण घटकाचा क्रोमॅटोग्राम मागतात आणि तोवर बाटली धुवून झालेली असते.